काठापदरातला इतिहास

इतिहासाच्या पुस्तकातल्या बायका जरा डोळ्यांपुढे आणून पाहा. एकीच्या हातात तलवार, एकीच्या हातात पोथी, एकीच्या तळहातावर शिवपिंडी. खाली नाव आणि जन्म-मृत्यूचे सन. तिच्या अंगावरचं लुगडं कुणी विणलं, त्याचा काठ तसाच का, ते तिनं तसंच का नेसलं, असले प्रश्न परीक्षेत कधी येत नाहीत. मी बत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. पाचवी-सहावीच्या मुली मात्र नेमकं हेच विचारायच्या. "बाई, नऊवारी नेसून राणी घोड्यावर कशी बसायची हो?" मागच्या बाकांवरची मुलं खिदळायची. मला तो प्रश्न पानिपतच्या पराभवाच्या कारणांइतकाच महत्त्वाचा वाटायचा, आणि मी त्याचं उत्तर सविस्तर द्यायची. निऱ्या मधून घेऊन मागे काष्टा खोचला की लुगड्याचंच धोतर होतं. त्यात घोड्यावर बसता येतं, भात लावता येतो, झाडावर चढता येतं. ज्या कुणी बाईनं हे पहिल्यांदा केलं तिचं नाव कुठल्याच बखरीत नाही. पण एवढं उपयोगी 'डिझाइन' मला तरी दुसरं माहीत नाही.

आज हे लिहायला बसले त्याला एक घरगुती निमित्त आहे. माझ्या भावाच्या नातीला बारावीनंतर वस्त्रकला शिकायची आहे. कापड, वीण, रंग, पोशाख यांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. घरात चर्चा झाली. (चर्चा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. बोलतात सगळे, ऐकत कुणीच नाही!) दादा म्हणाला, "कपडे शिवायला शिकायचं तर चार वर्षं आणि एवढे पैसे कशाला?" वहिनीचं म्हणणं, हुशार मुलगी आहे, नटण्यामुरडण्याच्या गोष्टीत बुद्धी का वाया घालवायची? पोरगी काही बोलली नाही. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्याआजी, तू इतिहास शिकवलास ना? मग कपड्यांमधून कुणी मोठं काम केलंय का ते मला सांग."

तेव्हा आजचा हा लेख तिच्यासाठी, आणि तिच्या निमित्तानं घरातल्या सगळ्यांसाठी.

सुरुवात अहिल्याबाईंपासून करते. ३१ मे १७२५ रोजी चौंडीला त्यांचा जन्म. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, १७६७ साली मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षं, त्यांनी होळकरांचा कारभार महेश्वरहून पाहिला. काशी विश्वनाथाचं देऊळ, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, विहिरी हे सगळं आपण शाळेत शिकतो. विणकाम मात्र शिकत नाही. परंपरा अशी सांगते की त्यांनी बाहेरगावांहून कुशल विणकर आणून महेश्वरात वसवले आणि पाहुण्यांना, मानकऱ्यांना भेट द्यायची वस्त्रं इथेच विणून घेतली. राजधानी वसवायची तर देवळं आणि वाडे उभारून भागत नाही, माणसांच्या हाताला काम लागतं, हे त्या बाईंना नेमकं कळलं होतं.

महेश्वरला मी दोनदा गेले आहे. नर्मदेच्या घाटावर पायरीवर बसून वर किल्ल्याच्या भिंतीकडे पाहिलं की दगडातली नक्षी दिसते. चटई, विटा, हिरा, चमेलीचं फूल, पाण्याच्या लाटा. मग गावात शिरून एखाद्या मागापाशी उभं राहा. तीच चटई, तीच वीट, तीच लाट काठात उतरलेली दिसेल. देवळाची भिंत अंगावर घेता यावी ही कल्पनाच केवढी सुंदर आहे! महेश्वरी साडीची अंगची खूण म्हणजे तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलट-सुलट कशीही नेसा. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. पूर्वी ही साडी शुद्ध सुती असे, पुढे उभ्या धाग्यात रेशीम आलं. आता सुती-रेशमी मिश्रणच जास्त दिसतं, म्हणून ती उन्हाळ्यातही अंगाला जड होत नाही. नऊवारी महेश्वरीला एकेकाळी महाराष्ट्रात मोठं गिऱ्हाईक होतं.

आणि यात एक गोष्ट मला फार लागते. अहिल्याबाई चित्रांत नि पुतळ्यांत नेहमी साध्या पांढऱ्या लुगड्यात दिसतात. विधवेला रंग वर्ज्य, काठ वर्ज्य. पतीबरोबर सती जायला निघालेल्या या सुनेला मल्हाररावांनी अडवलं, तिच्या हाती कारभार दिला, पण रंगाची बंदी काही उठली नाही. ज्या गावच्या काठांनी पुढे दोन-अडीचशे वर्षं बायकांना सजवलं, त्या गावची मालकीण स्वतः बिनरंगाची! कला म्हणजे स्वतःची हौस, असं जे समजतात त्यांनी या गोष्टीचा जरा विचार करावा.

आता नेसण्याकडे येऊ. आज आपण जी पाचवारी-सहावारी साडी नेसतो, आत परकर, वर पोलकं, निऱ्या पुढे आणि पदर डाव्या खांद्यावर, ती अनादिकालापासून तशीच आहे असं पुष्कळांना वाटतं. पण ही पद्धत शहरांतून पसरली तिला फार तर दीडशे वर्षं झाली. आणि ती रुजवण्यात मोठा वाटा असलेल्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्ञानदानंदिनी देवी, रवींद्रनाथ ठाकुरांची वहिनी. जन्म १८५०, मृत्यू १९४१. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय. १८६४ साली त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि चौदा वर्षांच्या बायकोला इकडे आणायचं ठरलं.

अडचण काय आली? तर कपड्यांची! तेव्हाच्या बंगाली घरंदाज बायका घरात एकच पातळ साडी गुंडाळून असायच्या. आत पोलकं नाही, परकर नाही. बाहेर जायचंच नाही, मग बाहेरचा पोशाख असेल कशाला? प्रवासासाठी एका फ्रेंच शिंप्याकडून काहीतरी 'पौर्वात्य' पोशाख शिवून घेतला, तो इतका अवघड की एकटीनं घालता येईना. मुंबईत हे जोडपं माणकजी करसेटजी यांच्या घरी उतरलं. हे तेच गृहस्थ, ज्यांनी मुलींसाठी शाळा काढली होती. त्या घरातल्या पारशी बायका झोकदार साडी नेसून बाहेर हिंडत-फिरत होत्या, पाहुण्यांशी बोलत होत्या. ज्ञानदानंदिनींनी ती पद्धत उचलली, पण जशीच्या तशी नाही. पदर डाव्या खांद्यावर घेतला, उजवा हात मोकळा केला. कलकत्त्याला परतल्यावर 'बामाबोधिनी पत्रिका' या मासिकात त्यांनी चक्क जाहिरात दिली, की ज्यांना अशी साडी नेसायला शिकायचं असेल त्यांना मी शिकवीन. ब्राह्म समाजातल्या बायकांनी ती उचलली म्हणून तिला 'ब्राह्मिका' साडी म्हणू लागले. याच बाई १८७७ साली तीन लहान मुलांना घेऊन, नवरा सोबत नसताना, बोटीनं इंग्लंडला गेल्या.

पोशाख ही नुसती हौस असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तसं नव्हतं. घराबाहेर पडायचा कपडाच नाही म्हणजे घराबाहेर पडायला बंदीच की! कायद्यानं घातलेली बंदी उठवायला चळवळ लागते. कपड्यानं घातलेली बंदी एका मुलीनं कपडा बदलून उठवली.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. १८९६ साली मोहनदास गांधी कुटुंबाला घेऊन दक्षिण आफ्रिकेला निघाले. त्या काळी पारशी लोक सर्वांत सुधारलेले समजले जात, म्हणून त्यांनी कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली. मुलांना पारशी कोट-पाटलोण, आणि सगळ्यांना पायमोजे नि बूट. मोजे घामानं कुबट व्हायचे, बोटं दुखायची. हे सगळं गांधींनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, साडी तीच, पारशी वळणाची. ज्ञानदानंदिनींनी ती निवडली आणि त्या मोकळ्या झाल्या. कस्तुरबांसाठी ती दुसऱ्यानं निवडली आणि पायाला बूट चावले. मला वाटतं, कपड्याच्या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच आहे. काय घातलं यापेक्षा कुणी ठरवलं, हा.

आपल्या आनंदीबाई जोशींनी स्वतः ठरवलं होतं. अमेरिकेला जाण्याआधी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपलं नगरकडचं नव्हे) त्यांनी भाषण केलं आणि सांगितलं की मी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, माझा पोशाख आणि आहार बदलणार नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातला १८८५ सालचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. तीन परदेशी विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्यात. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पेहरावातल्या दमास्कसच्या इस्लामबुली. तिघींनी शिक्षण नवं घेतलं आणि कपडा आपला ठेवला. मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनींनी पोशाख बदलला, फिलाडेल्फियाला गेलेल्या आनंदीबाईंनी बदलला नाही. दोघींचंही बरोबरच होतं, कारण ठरवणाऱ्या त्या स्वतः होत्या. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी झालेली नसताना, पुण्यात गेल्या. त्यांनी थंडीवाऱ्यात सांभाळलेल्या त्या साडीचं मोल किती, हे दादाला जरूर विचारायचं आहे.

वर गांधींचं नाव आलंच आहे, तर खादीकडे वळते. चरखा म्हटलं की गांधी, हे समीकरण पाठच झालेलं. पण गांधींना चरखा शोधून दिला तो एका बाईनं, हे किती जणांना माहीत आहे? तिचं नाव गंगाबेन मजमुदार. आश्रमात हातमाग बसवले होते, पण सूत गिरणीचं. हाताने सूत काढणारं कुणी सापडेना, चरखाही सापडेना. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधींची गंगाबेनशी गाठ पडली. विधवा, शिक्षण बेताचंच, पण धीट. शिवाशीव न मानणारी, कुणाच्या सोबतीशिवाय एकटी हिंडणारी आणि घोड्यावर सहज मांड टाकणारी बाई. (आमच्या सहावीतल्या मुलींना ही फार आवडली असती!) ती गुजरातभर हिंडली आणि बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी तिला चरखे सापडले. लोकांनी ते अडगळ म्हणून माळ्यावर टाकून दिलेले. पेळू पुरवले आणि सूत विकत घेतलं तर आम्ही पुन्हा कातू, असं त्या लोकांनी सांगितलं. बस्स. तिथून पुढे काय झालं ते आपण जाणतो.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. सुरुवातीची खादी फक्त तीस इंच पन्ह्याची निघायची. गांधींना तर धोतरसुद्धा खादीचंच हवं. त्यांनी गंगाबेनला निर्वाणीचं कळवलं की महिनाभरात पंचेचाळीस इंची धोतर मिळालं नाही, तर मी आखूड जाडंभरडं नेसून राहीन. बाई आधी हबकल्या, पण महिना संपायच्या आत त्यांनी पंचेचाळीस इंची धोतरजोडी पाठवून दिली. पन्हा वाढवणं म्हणजे काय, हे ज्यांनी माग पाहिलाय त्यांना कळेल. फणी रुंद हवी, माग रुंद हवा, धोटा तेवढा लांब फेकणारा हात हवा. देशाच्या राजकारणात हे पंधरा इंच कुणी मोजत नाही. पण राष्ट्राचा पोशाख ठरत होता तो या पंधरा इंचांत.

पुढे १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात बायकांनाही सामील करून घ्या असा गांधींकडे आग्रह धरणाऱ्यांत कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. मंगळूरच्या सारस्वत घरातली मुलगी, जन्म १९०३. लहानपणी वैधव्य, मग पुनर्विवाह, पुढे घटस्फोट. त्या काळी यातली एक गोष्टसुद्धा बाईला मोडून टाकायला पुरेशी होती. ही बाई मुंबईच्या शेअर बाजारात शिरली आणि बेकायदा मिठाच्या पुड्या विकल्या! तुरुंगवास झालाच. स्वातंत्र्यानंतर त्यांना मोठी पदं मिळाली असती. त्यांनी निवडलं काय, तर फाळणीतून आलेल्या निर्वासितांचं पुनर्वसन, आणि मग कारागीर. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि देश पालथा घातला. कुठे कोणती वीण शिल्लक आहे, कोणता रंगारी म्हातारा झालाय, कुणाचा मुलगा धंदा सोडून गिरणीत गेलाय, हे गावोगाव जाऊन पाहिलं. कारागिरांचा माल शहरात विकला जावा म्हणून एम्पोरियम उभी केली. १९६६ साली मॅगसेसे, १९८७ साली पद्मविभूषण. २९ ऑक्टोबर १९८८ ला त्या गेल्या. आज आपण प्रदर्शनात जाऊन 'हँडलूम' म्हणून कौतुकानं साडी हातात घेतो ना, त्यातल्या कितीतरी विणी कमलादेवींसारख्या माणसांनी धावाधाव केली म्हणून उरल्या आहेत.

आणि आता आपल्या कोल्हापूरची बाई. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये, जगाला माहीत असलेलं नाव भानू अथैया. जन्म २८ एप्रिल १९२९. कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात ते उगाच नाही. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं हे गाव. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार. पण भानू लहान असतानाच ते गेले. वडिलांमागे वाढलेली ही पोर मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेली आणि सुवर्णपदक मिळवून बाहेर पडली. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी काढलेला तो गट. तिथे चित्रं मांडणारी ती एकटी बाई.

पुढे पोटापाण्यासाठी इंग्रजी स्त्री-मासिकांत पोशाखांची रेखाटनं काढायला लागली. तिथून एका बुटिकमध्ये प्रत्यक्ष कपडे तयार करणं, तिथून नट्यांचे कपडे, तिथून सिनेमा. १९५६ चा 'सी.आय.डी.', मग 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम', 'वक्त', 'गाईड'. शंभरावर चित्रपट. तेव्हाचे लोकही म्हणालेच असतील, एवढी चांगली चित्रकार आणि कपड्यात कुठे अडकली! पण तिनं कपड्यालाच कॅनव्हास मानलं. १९६६ च्या 'आम्रपाली'साठी ती अजिंठ्याला गेली आणि भित्तिचित्रांतल्या बायकांची वस्त्रं, दागिने, केशरचना न्याहाळून वैजयंतीमालेचे पोशाख उभे केले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गणिकेला नेसवायचं काय, हे कुठल्या शिंप्याच्या पुस्तकात मिळत नाही. ते आपल्या औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) लेण्यांत मिळतं, पण पाहायची नजर असावी लागते. नंतर १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजची ती घट्ट शिवलेली नारिंगी साडी आली. आम्ही तेव्हा शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या मुली. तशी साडी नेसायची टाप नव्हती, पण डोळे भरून पाहिली जरूर!

मग १९८२ चा 'गांधी'. रिचर्ड अॅटनबरो यांचा. कथा १८९३ पासून १९४८ पर्यंतची. पंचावन्न वर्षांत एका माणसाचा पोशाख सूटबुटापासून पंचापर्यंत येतो, आणि त्याच्या आसपासचा देशही हळूहळू कपडे बदलतो. वर सांगितलेलं सगळं आठवा, कस्तुरबांची पारशी वळणाची साडी, गंगाबेनचं धोतर, १९२१ साली मदुरेला गांधींनी घेतलेला पंचा. हा सगळा प्रवास पडद्यावर दाखवायचा होता. शेतकरी, वकील, संस्थानिक, सत्याग्रही, निर्वासित, प्रत्येकाचं पागोटं वेगळं, नेसणं वेगळं, कापडाचा जुनेपणा वेगळा. कोऱ्या करकरीत खादीतला गरीब माणूस खोटा दिसतो, हे ज्याला कळतं तो कलावंत. ११ एप्रिल १९८३ ला जॉन मोलो यांच्यासोबत भानूबाईंना ऑस्कर मिळालं. ऑस्कर जिंकणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण, हा प्रश्न स्पर्धापरीक्षेत येतो आणि मुलं उत्तर पाठ करतात. ती व्यक्ती कोल्हापूरची होती, बाई होती आणि कपड्यांचं काम करत होती, एवढं त्या एका ओळीत मावत नाही.

त्यानंतर 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. वयाच्या ऐंशीनंतर, २०१२ साली, त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीकडे परत पाठवली, आपल्या मागे ती नीट सांभाळली जावी म्हणून. रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ साली शांतिनिकेतनातून चोरीला गेलं, हे आठवलं की त्यांची काळजी अनाठायी म्हणवत नाही. १५ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत त्या गेल्या. करोनाचे दिवस होते. एक जग जिंकलेली बाई वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून निघून गेली असं मला त्या दिवशी वाटलं.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. कपडे शिवायला चार वर्षं कशाला? तर शिवणं हा त्यातला शेवटचा भाग. त्याआधी दगडातली लाट काठात कशी आणायची ते पाहायचं असतं. बाईचा हात कुठे अडतो, पाय कुठे अडतो ते ओळखायचं असतं. माळ्यावरचा चरखा शोधायला गावोगाव हिंडायचं असतं. अजिंठ्याच्या अंधारात उभं राहून निरीक्षण करायचं असतं. याला बुद्धी लागते, धाडस लागतं आणि इतिहासही लागतो. अहिल्याबाईंना राज्यकारभार आणि विणकाम या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत. आपल्यालाच का वाटाव्यात?

नातीलाही एक सांगणं आहे, तेही लिहून ठेवते. वर आलेली सगळी नावं मोठी आहेत. पण विणकराच्या घरात बायका वर्षानुवर्षं कांड्या भरत आल्या, सूत उकलत आल्या, खळ देत आल्या, आणि 'विणकर' म्हणून नाव लागलं ते मागावर बसणाऱ्या पुरुषाचं. महेश्वरचं विणकाम गिरण्यांपुढे आणि बदलत्या काळापुढे पार रोडावलं होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर या पती-पत्नींनी 'रेहवा सोसायटी' सुरू केली आणि बायकांना शिकवून मागावर बसवलं. तिथल्या मागावर साडी विणणारी बाई मी पाहिली आहे. धोटा फेकताना ती आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती, इतकी कामात गर्क. तेव्हा बाळे, तू शिक, मोठी हो, पण तुझ्या चित्राचं कापड ज्या हातांनी होईल त्या हातांचं नाव आणि त्यांचा रोज, दोन्ही विसरू नकोस. कमलादेवींनी आयुष्य घालवलं ते याचसाठी.

आणि उरलेल्या नातेवाईक मंडळींना नि ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. आपल्या आयांची लुगडी गेली कुठे? काही बोहारणीकडे गेली, त्यांची पातेली आली. काही वाकळेत गेली. आमच्या आईची इचलकरंजीची दोन लुगडी अशीच एका वाकळेत आहेत, हिरव्याला लागून जांभळं, मध्ये लाल चौकडी, आणि दोऱ्याची धाव अशी की आजच्या चित्रकारानंही मान डोलवावी. ज्यांच्या घरी असं काही शिल्लक आहे त्यांनी ते बाहेर काढून ऊन दाखवा. कुणाचं, कुठलं, कोणत्या लग्नातलं, कुणी शिवलेलं, हे चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा. माहिती सांगणारी माणसं अजून आहेत तोवरच हे होईल. मोठ्या बायकांचा इतिहास कुणीतरी लिहितंच. आपल्या घरातल्या बायकांचा आपणच लिहायचा आहे.

वाकळेचा फोटो पुढच्या खेपेस टाकते. आणि हो, नातीचा प्रवेश अर्ज परवा भरला. फी दादानंच भरली.